ऐंशी जागांपायी पाचवीचा बळी

मराठवाडा, विदर्भ किंवा खानदेशातल्या तालुक्याच्या गावी एसटीतून उतरले की आधी नजर जाते ती फलकांवर. पूर्वी तिथे बारावीत चमकलेल्या मुलांचे फोटो असत, मग नीट आणि जेईईवाले आले. आता त्याच चौकटींत दुधाचे दात नुकतेच पडलेली मुले दिसू लागली आहेत. खाली ठळक अक्षरांत मजकूर असतो: नवोदय, सैनिक स्कूल, शिष्यवृत्ती, निवासी आणि अनिवासी तुकड्या, तिसरीपासून प्रवेश सुरू. तिसरीतले मूल आठ वर्षांचे असते. त्या वयात आईजवळ झोपणाऱ्या मुलाला पत्र्याची पेटी देऊन 'अकादमी'त सोडून यायचे, ही रीत आपल्याकडे गेल्या काही वर्षांत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल कोणी चार शब्द वेगळे बोलले तर लोक त्यालाच विचारतात, 'मुलाचे कल्याण झालेले बघवत नाही का?'

मुलांचे कल्याण नेमके कशात आहे, हा प्रश्न म्हणूनच आता मोठ्याने विचारायला हवा. स्पर्धा परीक्षांचा बाजार महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळेत शिरला आहे आणि त्याला अडवणारे दारात कोणीही नाही.

आधी नवोदयबद्दल, कारण या सगळ्या खटाटोपाचे मुख्य लक्ष्य तेच आहे. जवाहर नवोदय विद्यालये ही राजीव गांधी यांच्या काळातल्या १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची देणगी. त्याच्या आदल्याच वर्षी प्रयोग म्हणून देशात दोन शाळा निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीत. शिक्षणाचे खाते तेव्हा नरसिंह राव यांच्याकडे होते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारा हा बहुभाषी मंत्री. आंध्रचे मुख्यमंत्री असताना सर्वेल येथे त्यांच्याच काळात निवासी शाळा सुरू झाली होती, तिचा अनुभव गाठीशी होता. कल्पना साधी आणि मोठी होती. खेड्यात हुशार मुले जन्मतात, पण चांगली शाळा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात सरकारने एक उत्तम निवासी शाळा काढावी, सहावीत ऐंशी मुले घ्यावीत, त्यांतल्या किमान पाऊणशे टक्के जागा ग्रामीण भागासाठी आणि एकतृतीयांश मुलींसाठी ठेवाव्यात, आणि राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश यांसाठी पैसा घेऊ नये. ही शाळा पुढे खरोखरच चांगली निघाली. दहावी-बारावीच्या निकालांत ती वर्षानुवर्षे देशात पुढे असते. ऊसतोड मजुराची मुलगी तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडते, तेव्हा त्या योजनेला हात जोडावेत असे वाटते. आमचा आक्षेप शाळेवर नाही, तिच्या दारापर्यंत जाण्यासाठी आपण जी वाट बांधली आहे तिच्यावर आहे.

ज्यांनी या शाळेची निवड चाचणी आखली त्यांना एक धोका ठाऊक होता. नेहमीची लेखी परीक्षा ठेवली तर शिकलेल्या आईबापांची मुले पुढे जाणार आणि ज्याच्यासाठी शाळा काढली तो मागेच राहणार. म्हणून शब्दांवर फारशी न विसंबणारी, सामाजिक थराचा फायदा-तोटा होऊ न देणारी परीक्षा असावी असे ठरले. आज तिचे स्वरूप असे आहे: दोन तास, ऐंशी प्रश्न, शंभर गुण. त्यांतले चाळीस प्रश्न आणि पन्नास गुण बुद्धिमत्ता चाचणीचे, आणि त्या भागात निव्वळ आकृत्या. वेगळी आकृती ओळखा, जुळणारी शोधा, अपुरी पूर्ण करा, आरशात कशी दिसेल ते सांगा, कागद घडी घालून भोक पाडले तर उलगडल्यावर काय दिसेल. उरलेले वीस प्रश्न अंकगणिताचे, वीस भाषेचे. प्रत्येकाला सव्वा गुण, चुकीला दंड नाही. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. ज्या मुलाच्या घरी वर्तमानपत्रही येत नाही, त्यानेही निव्वळ निरीक्षणाच्या बळावर पुढे जावे, हा यामागचा हेतू.

बाजाराने याच हेतूचा बळी घेतला. आकृत्यांचे प्रकार मोजून दहा, प्रत्येकाचे चार प्रश्न, हा साचा वर्षानुवर्षे फारसा हलला नाही. जे हलत नाही ते घोकता येते. मग प्रत्येक प्रकाराच्या शेकडो आकृत्यांचे सराव संच निघाले, 'ट्रिक' निघाल्या आणि त्या ट्रिक पाठ करून घेणारे सर निघाले. पाचशे आकृत्या सोडवलेल्या मुलाला सहाशेवी आकृती पाहून विचार करावाच लागत नाही, हात आपोआप बरोबर गोलावर जातो. आणि ज्याने घरी बसून पहिल्यांदाच तो कागद पाहिला, तो कितीही तल्लख असला तरी दीड मिनिटात एक या वेगाने मागे पडतो. उपजत बुद्धी मोजण्यासाठी बनवलेली फूटपट्टी आता अकादमीची फी मोजते.

ग्रामीण जागांचेही तेच झाले. नियम सांगतो की मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण केलेली असावी आणि पाचवी त्याच जिल्ह्यातली असावी. नियम चांगला आहे. पण पटावर नाव असणे आणि बाकावर मूल असणे यांत महाराष्ट्रात किती अंतर पडू शकते, हे शाळेशी संबंध आलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेत, हजेरीही तिथेच, मूल मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी अकादमीच्या खोलीत, अशा तक्रारी गावोगाव ऐकू येतात. पट टिकला तर शिक्षक टिकतात, म्हणून शाळेलाही ते सोयीचे. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा 'समूह शाळां'त विलीन करण्याचा प्रस्ताव आल्यापासून तर ही सोय आणखीच गोड लागू लागली असणार. यात फसतो तो त्याच गावातला, त्याच वर्गात रोज येणारा मुलगा. त्याच्यासाठी राखलेल्या जागेवर त्याच्याच शाळेच्या दाखल्याने दुसरे कोणी जाते.

गेल्या काही वर्षांत देशभरातून वीस लाखांहून अधिक मुले या चाचणीला बसतात आणि जागा पन्नास हजारांच्या आसपास आहेत. शंभरातल्या दोघा-तिघांना प्रवेश. शिवाय ही परीक्षा जन्मात एकदाच देता येते, पुन्हा बसायची सोय नाही. दहा वर्षांच्या मुलाला 'हा एकच चान्स आहे' असे वर्षभर सकाळ-संध्याकाळ ऐकवले जाते, त्याच्या मनात काय होत असेल याचा विचार करायला कोणालाच सवड नाही. सैनिक शाळेची प्रवेश परीक्षा त्याहून जड. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली निघाली, देशातली पहिली. तिचा दबदबा आजही आहे, आणि २०२१ पासून या शाळांची दारे मुलींसाठीही उघडली ही चांगलीच गोष्ट. पण सहावीच्या त्या परीक्षेत १२५ प्रश्न, अडीच तास आणि तीनशेपैकी दीडशे गुण एकट्या गणिताचे. एवढे गणित पाचवीच्या पुस्तकातून शिकून झेपत नाही, म्हणून सहावी-सातवीचे चौथीतच सुरू होते. अपूर्णांक म्हणजे काय हे न कळताच मूल त्याची सूत्रे म्हणू लागते.

या निवासी अकादमींत दिवस कसा जातो, हे त्यांच्याच माहितीपत्रकात छापलेले असते. पहाटे उठणे, व्यायाम, अभ्यासिका, तास, पुन्हा अभ्यासिका, रात्री पेपर. आठवड्याला चाचणी, भिंतीवर क्रमवारी. पालकांना महिन्यातून एखादा रविवार. पण ही इमारत शाळा आहे का? नाही. वसतिगृह आहे का? बहुतेक वेळा तशी नोंद कोणी विचारतही नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारण्यास आणि मानसिक छळ करण्यास बंदी घातली, शाळाप्रवेशासाठी चाळणी लावण्यासही मनाई केली. नवोदय आणि सैनिक शाळांना त्याच कायद्याने विशिष्ट प्रवर्गात ठेवले, ते एक वेळ समजू शकते. अकादमी मात्र कोणत्याच प्रवर्गात नाही. तिथे एका खोलीत किती मुले झोपतात, रात्री ताप आला तर कोण बघते, छडी कोणाच्या हातात असते, मुलीच्या खोलीबाहेर कोण असते, हे पाहण्याची जबाबदारी नेमकी कोणत्या खात्याची, याचे उत्तर गटशिक्षणाधिकाऱ्यापासून मंत्रालयापर्यंत कोणाकडूनही सरळ मिळत नाही.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये खासगी शिकवण्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की सोळा वर्षांखालच्या, म्हणजे दहावी न झालेल्या मुलांना शिकवणी केंद्रात प्रवेश देऊ नये. कोटा शहरातल्या शिकवणीच्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला म्हणून ही कलमे आली. परंतु सूचना म्हणजे कायदा नव्हे, तो राज्यांनी करायचा असतो. महाराष्ट्रात खासगी शिकवण्यांच्या कायद्याची चर्चा किती सरकारांनी केली आणि किती सरकारांनी गुंडाळली, हे आता मोजण्यातही अर्थ नाही. मधल्या मधे सोळाची अट कागदावर आणि आठ वर्षांची मुले अकादमीत, असा हा कारभार.

भर म्हणून राज्य सरकारने स्वतःची परीक्षाही खाली ओढली आहे. चौथी आणि सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला गेली होती. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय झाला. त्याची प्रशासकीय कारणे असतीलही. व्यवहारात मात्र अर्थ एकच: चौथीला शिष्यवृत्ती, पाचवीला नवोदय आणि सैनिक, म्हणजे तयारी दुसरीच्या उन्हाळ्यापासून. पुस्तकांच्या दुकानदारांना हे सरकारी अधिकाऱ्यांच्या आधी कळते.

आता पालकांकडे वळू. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. कोरडवाहू चार एकराचा मालक मुलाला अकादमीत घालतो, तो हौसेने नव्हे. गावच्या शाळेत दोन शिक्षकांवर पाच वर्ग आहेत, त्यांतले एक निवडणुकीच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामावर. जवळची इंग्रजी शाळा नावालाच इंग्रजी. अशा वेळी बारावीपर्यंत जवळजवळ मोफत, चांगली, सरकारी शाळा दिसली तर बाप काहीही विकून तिथे पोहोचवायचा प्रयत्न करणारच. भीती खरी आहे. मात्र वर्षाला अकादमीला मोजलेले पैसे आणि ऐंशी जागांची शक्यता यांचा हिशेब घालून पाहिला तर, मोफत शाळेच्या आशेवर कर्ज काढणाऱ्या बहुतेक घरांच्या हाती काहीच लागत नाही. निवड यादीतली मुले कोणत्या घरांतली, हे आपापल्या गावात विचारून पाहा. नोकरदारांची, दुकानदारांची, स्वतः शिक्षक असणाऱ्यांची नावे किती आणि मजुरांची किती, ते कळेल. ज्यांनी परीक्षा ओळखली, त्यांची मुले आत गेली.

दुसऱ्या एका देशात हेच घडले होते. दक्षिण कोरियात १९६० च्या दशकात सहावी संपताना नामांकित माध्यमिक शाळांसाठी प्रवेश परीक्षा असे. मुले रात्री उशिरापर्यंत शिकवणीला, पोटदुखी आणि चष्मे घराघरांत. डिसेंबर १९६४ मध्ये सोलच्या परीक्षेत एक प्रश्न आला. 'योत' नावाची तिथली गोड, चिकट मिठाई करताना माल्टऐवजी काय वापरता येईल? अपेक्षित उत्तर होते डायस्टेस. पण पर्यायांत मुळ्याचा रसही होता आणि त्यानेही तेच काम होते. एका गुणाने प्रवेश हुकलेल्या मुलांच्या आया घरी गेल्या, मुळ्याच्या रसात योत शिजवली आणि भांड्यांसकट शिक्षण कार्यालयात नेऊन अधिकाऱ्यांपुढे ठेवली: खाऊन बघा, ही योत नाही तर काय आहे? प्रकरण न्यायालयात गेले, पालक जिंकले. पण एका मिठाईवरून देशाची शिक्षणव्यवस्था कोर्टात उभी राहावी, यातच सगळे आले. १९६८ साली तिथल्या सरकारने ती परीक्षाच मोडीत काढली आणि पुढच्या वर्षापासून सोलमध्ये शाळा सोडतीने मिळू लागल्या. कोरियातली स्पर्धा त्याने संपली नाही, ती वरच्या वर्गांत गेली आणि आजही जीवघेणी आहे. तरी बारा वर्षांच्या मुलांच्या मानेवरचे जोखड एका निर्णयाने उतरले. सरकारला करायचे असले तर करता येते, एवढे यातून दिसते.

नवोदयची निवड सोडतीने व्हावी, असे आम्ही आज म्हणत नाही. चाचणी राहील, मुले बसतील, आणि बसावीतही. मग घरच्यांनी काय करावे? ज्यांची मुले यंदा चौथी-पाचवीत आहेत, त्यांच्यासाठी हे नीट सांगायला हवे, कारण अकादमीवाले हे सांगणार नाहीत.

सगळ्यांत मोठी तयारी वाचनाची. भाषेच्या भागात चार उतारे असतात, त्यांवर प्रत्येकी पाच प्रश्न. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता येतो. म्हणजे जे मूल रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचते आणि वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगते, ते त्याच दिवशी निम्म्यांच्या पुढे गेले. त्याला पुस्तक महाग लागत नाही. 'किशोर' मासिकाचा जुना अंक चालतो, वर्तमानपत्रातली गावची बातमी चालते. गणित घरातच आहे. दूध डेअरीची पावती वाचायला द्या, किराण्याचे बिल तपासायला द्या, कांद्याच्या पट्टीतून हमाली-तोलाई वजा करून हातात किती आले ते काढायला सांगा. शेकडेवारी, दशांश आणि नफा-तोटा यांची भीती जायला याहून चांगली वही नाही. आकृत्यांसाठी आरसा, कात्री आणि रद्दी. कागदाची घडी घालून स्वतः भोक पाडलेले मूल उत्तर पाठ करत नाही, त्याला ते दिसते.

परीक्षेची ओळख मात्र करून द्यायलाच हवी, तेवढी चोख. उत्तरपत्रिकेवर गोल रंगवायचे असतात, एकदा रंगवलेला बदलता येत नाही, आणि दंड नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत घड्याळ लावून पाच-सहा जुने पेपर, बस्स. हे गावचा कोणताही मनावर घेणारा शिक्षक करून घेऊ शकतो, आणि करतातही. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत गुरुजी-बाई शाळा सुटल्यावर एक पैसा न घेता जादा तास घेतात. त्यांचा फोटो कोणत्याच फलकावर नसतो.

आणखी एक गोष्ट पालक विसरतात: मुलाला विचारणे. नवोदयमध्ये गेलेले मूल अकराव्या वर्षी घर सोडते. नववीत त्यांतल्या काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात, तो त्या योजनेचाच भाग आहे. काही मुले तिथे फुलतात, काही रडून परत येतात, आणि परत येणे हा गुन्हा नसतो. अर्ज भरण्याआधी त्या शाळेत एकदा मुलाला घेऊन जा, तिथल्या मुलांशी बोलू द्या. निकालाआधीच त्याला सांगून ठेवा की ही निवड आहे, पास-नापास नाही. शंभरातली सत्त्याण्णव मुले यादीत येत नाहीत आणि ती सगळी हुशारच असतात. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर 'आमचा नवोदयला बसलाय' हे टाकले नाही तर निकालाच्या रात्री मूल जेवून झोपेल.

घरांनी एवढे केले तरी पाणी मुरते तिथे सरकारलाच हात घालावा लागेल. सोळा वर्षांची अट राज्याच्या कायद्यात यावी. तोपर्यंत प्राथमिक वयाच्या मुलांना मुक्कामी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी आणि तपासणी शिक्षण व महिला-बालविकास या दोन्ही खात्यांनी मिळून करावी. तिसरी ते पाचवीची हजेरी आता ऑनलाइन नोंदवता येते, ग्रामीण जागेवर निवड झालेल्या मुलाची ती तपासायला अवघड काय आहे? खोटा दाखला देणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई व्हावी, आणि दाखला मागणाऱ्या पुढाऱ्यावरही. नवोदय समितीने बुद्धिमत्तेच्या प्रश्नांचा साचा दरवर्षी मोडावा. आणि निवड झालेल्या मुलांच्या घरांचा व्यवसाय व उत्पन्न जिल्हावार प्रसिद्ध करावे, मुलांची नावे न देता. शाळा कोणासाठी काढली आणि कोणाला मिळाली, हे लोकांना कळू द्या.

यांतले काही दिल्लीत ठरेल, काही मुंबईत. पण सगळ्याची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या नवोदय विद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. आमची राज्यातल्या जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे: पुढच्या निवड चाचणीच्या आधी आपल्या जिल्ह्यातल्या निवासी अकादमींची यादी मागवा, एका रात्री कळवल्याशिवाय तिथे जा, मुले किती वाजता आणि कशी झोपतात ते पाहा, आणि त्यांतल्या किती मुलांची हजेरी त्याच दिवशी गावच्या जिल्हा परिषद शाळेत लागली होती, तो आकडा जाहीर करा.